मढ्याचे मालक

निकोलाय एर्डमन हे नाव आपल्याकडं कुणी घेत नाही. गोर्की घेतात, मायकोव्हस्की घेतात. मी या माणसाला त्यांच्याच पंगतीला बसवतो, आणि ते एका नाटकाच्या जोरावर.

जन्म मॉस्कोचा, १९००. १९२५ साली मेयरहोल्डनं त्याचं ‘मँडेट’ बसवलं आणि मॉस्को पोट धरून हसली. मग १९२८ मध्ये ‘आत्महत्या करणारा’. सेम्योन पोदसेकाल्निकोव्ह नावाचा बेकार माणूस, बायकोच्या कमाईवर जगणारा. मध्यरात्री भूक लागते म्हणून बायकोला उठवतो, उरलेलं कलेजीचं सॉसेज मागतो. भांडण पेटतं. बायकोला वाटतं, हा आता जीव देणार. आवई बाहेर फुटते आणि दारात रांग लागते. बुद्धिजीवी म्हणतो, बाबा रे, आमच्या नावानं मर. खाटीक म्हणतो धंद्याच्या नावानं, पाद्री म्हणतो धर्माच्या, एक बाई म्हणते माझ्या प्रेमापायी. शेजारी तर या सगळ्यांकडून पैसे उकळतो. जित्या सेम्योनला कुत्रं विचारत नव्हतं, मढ्याला मात्र मालकच मालक! त्याला मेजवानी देतात. आणि हा? मरायचंच आहे तर भ्यायचं कुणाला, म्हणून थेट क्रेमलिनला फोन लावतो: मार्क्स वाचला, आवडला नाही. शेवटी शवपेटीतून उठतो नि सांगतो, भूक लागलीय, मला जगायचंय.

हे वाचताना मला रशिया दिसतच नाही. आपल्या वस्तीत एखादं पोरगं मारलं गेलं की दुसऱ्या दिवशी गाड्या येतात, हार येतात, भाषणं येतात. ते जितं असताना त्याच्या नोकरीच्या अर्जावर सही द्यायला यातला एकही घरी सापडत नव्हता.

स्तानिस्लाव्हस्कीनं स्टालिनला पत्र घातलं. नोव्हेंबर १९३१ मध्ये उत्तर आलं: जवळच्या साथींच्या मते नाटक पोकळ, घातकसुद्धा, तरी करून बघा. मेयरहोल्डच्याही तालमी चालू होत्या. १९३२ मध्ये कगानोविच बघायला आला, आणि बंदी.

पुढच्याच वर्षी ‘आनंदी पोरं’ या सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना गाग्रात अटक. गुन्हा काय, तर मास या मित्राबरोबर लिहिलेल्या चावऱ्या बोधकथा. तीन वर्षं सैबेरिया, आधी येनिसेइस्क, मग तोम्स्क. १९३४ मध्ये सिनेमा लागला, देशभर गाजला. श्रेयनामावलीत याचं नाव नाही. आईला पत्र लिहायचा तर खाली सही ‘मामिन-सिबिर्याक’. हे एका जुन्या लेखकाचं नाव, पण अर्थ निघतो ‘आईचा सैबेरियावाला’. तिथंसुद्धा गड्याची कोटी सुटली नाही.

सुटल्यावर मॉस्कोत राहायला मनाई. १९३८ चा ‘व्होल्गा-व्होल्गा’ स्टालिनचा लाडका सिनेमा, त्याच्या पटकथाकारांत हाही होता. १९४० मध्ये मेयरहोल्डला गोळी घातली. युद्धात एर्डमनला गुप्त पोलिसांच्याच नाच-गाण्याच्या पथकासाठी लिहायला बसवलं. १९५१ मध्ये ‘शूर माणसं’ या सिनेमासाठी स्टालिन पारितोषिक. पुढं ‘मोरोज्को’सारखे मुलांचे सिनेमे. लेखणी सरकारला हवीच होती, फक्त दात पाडलेली.

कुणी म्हणेल, विकला गेला. मी म्हणत नाही. सैबेरिया भोगून आलेल्याकडं हिशेब मागणारे आपण कोण? पण त्या तोडीचं नाटक त्याच्या हातून पुन्हा झालं नाही, हेही खरं.

१९६९ मध्ये नाटक रंगमंचावर आलं, ते स्वीडनमध्ये. ऑगस्ट १९७० मध्ये एर्डमन गेला. मॉस्कोत १९८२ मध्ये एकदाचं लागलं, तेही लवकरच थांबवलं. त्याच्या देशात ते छापून आलं १९८७ मध्ये.