गोयाचं बाहुलं आणि राजाची खोली

आज एकच चित्र बघू. स्पेनच्या फ्रान्सिस्को गोयाचं 'एल पेलेले', म्हणजे पेंढ्याचं बाहुलं. साल १७९१-९२. चार बायका चादर ताणून बाहुल्याला हवेत उडवतायत. त्या हसतायत, त्याची मान कललेली, हातपाय लुळे. वर जायचं की खाली, हे त्याच्या हातात नाहीच.

हा भिंतीवर लावायच्या विणकामाचा नमुना होता. कुणासाठी? राजा चौथ्या कार्लोसच्या एस्कोरियलमधल्या कामकाजाच्या खोलीसाठी! विषय हलकेफुलके हवेत, ही त्याचीच इच्छा. पुढे १८०८ मध्ये बायोनला नेपोलियननं याच राजाला गादी सोडायला लावली. गोयाला हे आधीच दिसलं होतं, असं मी म्हणणार नाही. पण चादर धरणारे हसत असले, की आपल्यालाही तो खेळच वाटतो ना?