भरली वांगी आणि कोशिंबीर : दख्खनच्या ताटातील 'परंपरे'चा मागोवा

प्रस्तुत लेखात मराठी भोजनातील भरल्या भाज्या व त्यांसोबत वाढली जाणारी कोशिंबीर यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. पारंपरिक आहाराकडे परत वळावे, असा सल्ला आहारतज्ज्ञांकडून वारंवार दिला जातो. हा सल्ला हितकारक असला, तरी इतिहासाच्या अभ्यासकाने त्यापुढे एक प्रश्न ठेवणे क्रमप्राप्त ठरते : ही परंपरा नेमकी कोणत्या शतकातील?

भाजी पोखरून अथवा चिरा देऊन तिच्यात सारण भरण्याची रीत दख्खनमध्ये निःसंशय जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (इ. स. ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात पोकळ केलेल्या वांग्यात मसालेदार मांसाचे सारण भरून ते तेलात तळण्याचा प्रकार वर्णिलेला आहे. वांगे तेच, कृतीही ओळखीची. मात्र सारण आजच्या शाकाहारी गृहिणीला अपरिचित वाटावे असे. त्यात लाल तिखट असणे शक्यच नव्हते. तिखटपणासाठी मिरी व आले यांवरच भिस्त होती. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून आली आणि तिने मिरीचे काम व नाव दोन्ही उचलले.

याहून मोठे स्थित्यंतर शेंगदाण्याने घडविले. आज देशावर भरल्या वांग्याचे सारण म्हटले की दाण्याचे कूट, तीळ, सुके खोबरे, गोडा मसाला, चिंच आणि गूळ हीच सामग्री डोळ्यांपुढे येते. वस्तुतः भुईमूग हे दक्षिण अमेरिकेतील पीक. एकोणिसाव्या शतकात मार्सेयच्या तेलगिरण्यांसारख्या परदेशी ग्राहकांची मागणी वाढली, तसा हिंदुस्थानात त्याचा पेरा विस्तारला. अवर्षणप्रवण दख्खनच्या हलक्या जमिनीत खरिपाचे हे पीक रुजले आणि निर्यातीचा माल हळूहळू घरच्या खलबत्त्यात येऊन पोहोचला. तीळ, कारळे, जवस ही येथील जुनी तेलबियांची पिके. सारणात त्यांचे स्थान पूर्वी अधिक ठळक असावे, असे अनुमान करण्यास वाव आहे. कोकणात ओला नारळ हाताशी असल्याने तेथे दाण्याचे वर्चस्व तितके झाले नाही.

आरोग्याच्या अंगाने पाहता हा बदल उपेक्षणीय नाही. शेंगदाण्यात सुमारे चतुर्थांश प्रथिने, तर जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो. म्हणूनच मंद आचेवर, झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजविल्यास कुटाचेच तेल सुटते व फोडणीला थोडके तेल पुरते. खाणावळीतील भाजीवरचा तेलाचा तवंग ही परंपरेची नव्हे, तर व्यवसायाची देणगी म्हणावी लागेल.

ताटातील डावी बाजू मीठ, लिंबू, चटणी व कोशिंबिरीची. काकडी व मुळा येथील जुने रहिवासी. टोमॅटो, कोबी ही मंडळी युरोपीय संपर्कानंतरची. शिजलेल्या, मसालेदार भाजीजवळ कच्चे व आंबट काही असावे, ही योजना आजच्या पोषणशास्त्रालाही मान्य आहे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे तीळ व धान्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. काकडी चिरून, मीठ लावून पिळून टाकण्याची पद्धत मात्र तितकीशी समर्थनीय नाही, कारण त्या पाण्याबरोबर काही पोषकद्रव्येही जातात. मीठ पान वाढतेवेळी घालणे इष्ट.

धर्माचाराने या दोन पदार्थांना दिलेली वागणूक विशेष उद्बोधक आहे. वांगे येथले असूनही अनेक घरांत चातुर्मासात वर्ज्य. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी करून ते कांद्यासह सोडावयाचे आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा खावयाचे. याउलट दाण्याचे कूट, हिरवी मिरची व तुपाजिऱ्याची फोडणी घातलेली काकडीची कोशिंबीर एकादशीच्या उपवासालाही चालते. यातील दाणे व मिरची दोन्ही अमेरिकेतून आलेली. निषेधाच्या याद्या तयार झाल्या तेव्हा हे पदार्थ या भूमीत नव्हतेच; त्यामुळे ते वर्ज्य ठरले नाहीत, असे मानता येते. साबुदाणा, बटाटा व रताळे यांनाही हेच लागू पडते.