गेज, डब्यांवरची अक्षरे आणि व्हीलॅन : नागपूरहून सुरू होणारी गोष्ट

१/ १८६७ साली जीआयपी रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग नागपुरास पोहोचला. पुढे १८८०च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून पूर्वेकडे नागपूर–छत्तीसगड रेल्वे निघाली. तिचे रूळ मात्र मीटरगेजचे होते. त्यामुळे छत्तीसगडचे धान्य नागपुरात एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागे.

२/ १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला. आता डबे सरळ पुढे जाऊ लागले. एकाच रुळावर अनेक कंपन्यांचे डबे धावत; कोणता डबा कोणाचा, हे त्यावर रंगवलेली अक्षरे सांगत. ही दोन चित्रे ध्यानात ठेवा.

३/ आता संगणकजाळ्याकडे वळू. एखाद्या महाविद्यालयात परीक्षा विभाग आणि विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा एकाच साध्या स्विचला जोडलेली असेल, तर एका संगणकाने सर्वांस उद्देशून दिलेली हाक प्रत्येकापर्यंत पोहोचते. दोघांना वेगळे करण्याचा जुना उपाय म्हणजे वेगळे स्विच आणि वेगळ्या तारा.

४/ १९८०च्या दशकात अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत डेव्हिड सिंकोस्की यांच्यापुढे उलटा प्रश्न होता : इथरनेटची जाळी एकमेकांस जोडून मोठी कशी करावी? एकाच मुख्य मार्गावर सारा भार पडत होता. त्यांनी प्रत्येक फ्रेमला जणू रंगाची खूण दिली. रंगागणिक मार्ग निराळा. जोडण्यासाठी काढलेली ही युक्तीच पुढे विभागणीचे साधन ठरली. हेच व्हीलॅन.

५/ मग गेजचा घोळ पुन्हा अवतरला. सिस्को कंपनीची ‘आयएसएल’ पद्धत स्वतःची. इतरांच्या पद्धती निराळ्या. एका कंपनीच्या स्विचची खूण दुसऱ्याच्या स्विचला वाचता येईना.

६/ १९९८ साली आयईईई संस्थेचे ‘८०२.१क्यू’ मानक आले आणि सर्वांना एकच गेज मिळाले. फ्रेममध्ये ४ बाइटांची खूण. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे. एकूण ४०९६ क्रमांक. ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरास ४०९४.

७/ स्विचवरची मांडणी अशी : परीक्षा विभागाला व्हीलॅन १०, विद्यार्थ्यांना २०. संगणक ज्याला जोडतो तो ‘अ‍ॅक्सेस पोर्ट’ एकाच व्हीलॅनचा. संगणकाला खुणेचा पत्ताही नसतो. दोन स्विचमधला ‘ट्रंक पोर्ट’ दोहोंची वाहतूक खुणेसह नेतो. १० मधून २० मध्ये जायचे, तर वाट राउटरमधूनच.

८/ खरा धोका बिनखुणेच्या फ्रेमचा. ट्रंकवर अशी फ्रेम आली, की स्विच तिला ‘नेटिव्ह व्हीलॅन’ची मानतो. एका टोकाला नेटिव्ह १० आणि दुसऱ्या टोकाला २० ठेवले, तर परीक्षा विभागाची फ्रेम विद्यार्थ्यांच्या जाळ्यात उतरते. तार शाबूत, दिवे हिरवे, आणि गुपित मात्र फुटलेले!

९/ मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजवर चढूच शकत नव्हता. ती भिंत लोखंडाची होती. डब्यावरच्या अक्षरांमागे लोखंड नव्हते, होता तो कंपन्यांमधला करार. व्हीलॅनही असाच करार आहे. तो दोन्ही टोकांना सारखाच लिहिलेला आहे ना, हे पाहणे मांडणी करणाऱ्याच्या हाती.