निळ्या डॉल्फिनांच्या बेटावरील अनामिका

निर्जन बेटावर किंवा घोर अरण्यात एकट्या पडलेल्या मुलामुलींच्या कथा किशोरवयीन वाचकांना नेहमीच प्रिय वाटत आल्या आहेत. डॅनियल डीफोने १७१९ साली ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिला आणि ह्या कथांचा साचा जणू ठरवूनच टाकला. प्रथम संकट, मग एकाकीपणा, मग दोन हातांनी उभारलेला संसार, त्यातून आलेली समज आणि अखेरीस सुटका. ह्या परंपरेतील एक मान्यवर कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखक स्कॉट ओडेल ह्यांची ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’. ती १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक लाभले. बारा वर्षांची कराना बेटावर एकटी राहते आणि एकटीच वाढते, एवढेच तिचे कथानक. परंतु करानाच्या मागे एक खरीखुरी स्त्री उभी आहे आणि तिच्या अखेरची नोंद एका मिशनच्या दफनवहीत आहे. म्हणून ही हकीकत आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात सान निकोलास नावाचे वाऱ्याने झोडपलेले बेट आहे. तेथील मूळ रहिवाशांना निकोलेन्यो म्हणतात. १८१४ साली रशियन-अमेरिकन कंपनीच्या जहाजाने पाणमांजरांच्या शिकारीसाठी अलास्कातील शिकारी तेथे उतरविले. त्यांच्यातील एकाला बेटवासीयांनी मारल्याचा आरोप झाला आणि सूड म्हणून मोठी कत्तल झाली. पाणमांजराच्या मऊ कातड्याला तेव्हा सोन्याचे मोल होते, माणसाला नव्हते. पुढे १८३५ साली ‘पेओर एस नादा’ नावाची एक लहान गलबत उरल्यासुरल्या लोकांना मुख्य भूमीवर घेऊन गेली. एक स्त्री तेवढी मागे राहिली.

ती का राहिली? बाळ बेटावरच विसरले म्हणून तिने जहाजातून उडी घेतली, असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. एमा हार्डेकर ह्यांनी १८८० साली ‘स्क्रिब्नर्स मंथली’ मासिकात तिच्यावर लिहिलेला लेख फार गाजला आणि ही उडी लोकांच्या मनात कायमची बसली. वास्तविक ती स्त्री सापडण्यापूर्वीच, १८४७ साली, बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात तिची कहाणी छापून आली होती. म्हणजे ती जिवंतपणीच दंतकथा झाली होती! ओडेल ह्यांनी बाळाऐवजी रामो हा धाकटा भाऊ आणला. बहीण भावासाठी मागे राहते, आणि थोड्याच दिवसांत रानटी कुत्रे त्याला मारतात.

जॉर्ज नायडेव्हर हा शिकारी आणि त्याचे सोबती १८५३ साली बेटावर गेले तेव्हा ती त्यांना सापडली. अठरा वर्षे लोटली होती. नायडेव्हरच्या अंदाजाने तिचे वय पन्नाशीच्या आसपास होते. ती पळाली नाही, घाबरली नाही. हसून सामोरी आली आणि जवळचे भाजलेले कंद तिने पाहुण्यांपुढे ठेवले. पाणकावळ्यांची पिसे असलेली कातडी स्नायूंच्या दोऱ्याने शिवून तिने झगा केला होता. व्हेलच्या फासळ्या रोवून आणि त्यांवर झाडोरा घालून निवारा उभारला होता. वाळलेली चरबी खांबांवर टांगलेली होती. पाणी साठविण्यासाठी ती गवताच्या सुरया विणी आणि किनाऱ्यावर सापडणारे नैसर्गिक डांबर तापल्या दगडांनी वितळवून आतून लेपी. अशी सुरई एकदा डोळ्यांपुढे आणावी. विणकाम, अग्नी आणि डांबर ह्या तिन्हींचे ज्ञान तिच्यात एकत्र आले आहे. हे ज्ञान एकटीचे नव्हे. हजारो वर्षे त्या बेटावर राहिलेल्या समाजाचे ते होते आणि तो समाज नाहीसा झाल्यावर एका बाईच्या बोटांत शिल्लक राहिले होते. क्रूसोला फुटलेल्या जहाजावरून हत्यारे मिळाली. हिला आईआजीचा वारसा मिळाला. एकटा माणूस स्वतःच्या बळावर जगतो, हा ह्या कथांचा लाडका समज आम्हांस म्हणूनच अर्धवट वाटतो.

कादंबरीचे खरे बळ अन्यत्र आहे. करानाच्या जमातीत स्त्रियांनी शस्त्रे करू नयेत असा दंडक असतो. तो मोडताना तिचे हात कापतात, पण भूक आणि कुत्र्यांचे भय तिला धनुष्यबाण करावयास लावतात. ज्या कुत्र्यांनी भावाला मारले त्यांच्या म्होरक्याला ती बाणाने घायाळ करते आणि मग त्याचीच शुश्रूषा करते. पुढे पुढे ती प्राण्यांची हत्या सोडून देते. आपल्या घराजवळच्या डोंगरांत धुमाकूळ घालणाऱ्या शिकाऱ्यांच्या संतापातून ही कादंबरी जन्मली असे ओडेल सांगत. सूडापासून दयेपर्यंतचा हा प्रवास त्यांनी फार संयमाने रंगविला आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते, ती नावाची. करानाला दोन नावे असतात. एक चारचौघांत घेण्याचे आणि दुसरे, ‘कराना’, हे गुप्त. बापाने आपले गुप्त नाव परक्यांना सांगितले म्हणून तर तो मेला नाही ना, अशी शंका तिला येते. ते नाव ती केवळ एका मैत्रिणीपाशी उघड करते. जिच्यावरून ही नायिका बेतली, तिचे खरे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही.

जहाज बेटापासून दूर जाते तेथे कादंबरी संपते; पुढचे लेखकाने अखेरच्या टिपेत थोडक्यात आटोपले आहे. इतिहासाला तसे थांबता येत नाही. नायडेव्हरने तिला सांता बार्बारा येथे स्वतःच्या घरी ठेवले. घोडा आणि बैलगाडी पाहून तिला लहान मुलासारखा हर्ष झाला. लोक भेटवस्तू आणून देत, त्या ती घरातल्या मुलांना वाटून टाकी. सान फ्रान्सिस्कोला नेऊन तिचे प्रदर्शन मांडण्यासाठी पैसे देऊ केले गेले, पण नायडेव्हरने ते नाकारले. हे त्याच्या पदरी मोठे पुण्य होय. तिची भाषा जाणणारे कोणी मिळते का म्हणून आसपासच्या आदिवासींना बोलावण्यात आले. कोणालाही ती नीट समजली नाही. तिच्या बोलण्यातील चारच शब्द टिपले गेले. त्यांचे अर्थ असे: कातडे, माणूस, आकाश, शरीर.

ताजी फळे आणि मक्याची कोवळी कणसे तिला फार आवडू लागली. अठरा वर्षे वेगळ्या अन्नावर पोसलेल्या देहाला ती सोसली नसावीत. तिला अतिसार जडला आणि आगमनानंतर अवघ्या सात आठवड्यांत ती गेली. १९ ऑक्टोबर १८५३ रोजी मिशनच्या दफनभूमीत तिला मूठमाती देण्यात आली. फादर गोन्झालेझ रुबियो ह्यांच्या नोंदीप्रमाणे, तिची भाषा समजणारे कोणी नसल्यामुळे फादर सांचेझ ह्यांनी तिला सशर्त बाप्तिस्मा दिला होता. तिचा पूर्वी बाप्तिस्मा झाला होता की नाही, हे विचारावे कसे? नाव ठेविले हुआना मारिया. आपल्याकडेही पूर्वजांना बाप्तिस्म्यात पोर्तुगीज नावे मिळाली आणि आधीची पुष्कळशी विरून गेली. पण ती ठेवताना त्यांच्याशी बोलता येत होते. हिला तिचे नवे नाव कळले तरी होते की नाही, कोण जाणे. तिचा पिसांचा झगा रोमला पाठविला गेला असे म्हणतात. तो आज कोठेच सापडत नाही.

तिच्याबरोबरचे लोक कोठे गेले? ते सारे लवकरच मरून गेले, असेच दीर्घकाळ लिहिले जाई. अलीकडे संशोधकांनी लॉस एंजेलिसच्या चर्चमधील बाप्तिस्मा व दफन नोंदवह्या पानापानाने चाळल्या. १८३५ नंतर तेथे राहिलेल्या चार, बहुधा पाच, निकोलेन्यो व्यक्तींचा माग त्यांना लागला आणि हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. विवाहापूर्वी बाप्तिस्म्याचा दाखला आणावयास आपण ज्या जीर्ण वह्यांपाशी जातो, तशाच त्या वह्या. ह्या व्यक्तींपैकी किमान एकजण १८५३ साली हयात होता. सांता बार्बारापासून लॉस एंजेलिस घोड्यावरून काही दिवसांच्या वाटेवर आहे. तो तिच्यापर्यंत पोहोचल्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.