गिरणीच्या मापाचे स्टेशन

मुंबईच्या लोकलचा इतिहास सांगायला बसले की तो बघता बघता गाडीचाच इतिहास होतो. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी, 3 फेब्रुवारी 1925 रोजी कुर्ल्यापर्यंत धावलेली पहिली विजेची गाडी, मग नऊ डबे, बारा डबे, पंधरा डबे, आणि शेवटी 1500 व्होल्ट डीसी जाऊन आलेला एसी प्रवाह. गाडी जिथे थांबते त्या जागेचे या काळात काय झाले, हे मात्र शोधावे लागते. परळ आणि एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचे प्रभादेवी, ही शेजारशेजारची स्टेशने या शोधासाठी फार सोयीची आहेत. ती मुळातच अपुरी बांधली होती असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. ज्या शहरासाठी ती बांधली त्याला ती पुरत होती. ते शहर गेले, दुसरे उभे राहिले, आणि स्टेशनाचे माप पुन्हा कोणी घेतलेच नाही.

जीआयपी (आजची मध्य रेल्वे) आणि बीबीसीआय (आजची पश्चिम रेल्वे) या दोन कंपन्यांचे रूळ या भागात जवळजवळ खेटून जातात. दोघींची वर्कशॉप इथलीच, एकीचे परळला, दुसरीचे लोअर परळला. भोवती गिरण्या आणि गिरण्यांभोवती चाळी. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार गिरणीपासून पायी जाण्याच्या अंतरात बिऱ्हाड करी. एका खोलीत गाववाले दाटीवाटीने राहत, जेवण खानावळीत, आणि भोंगा झाला की पायीच गिरणीचा दरवाजा गाठायचा. गिरणगाव इतके गच्च भरलेले असूनही स्टेशनावर त्या मानाने भार कमी, याचे कारण हेच. तिकीट काढून येणाऱ्यांत वर्कशॉपचे कामगार होते, बाबू-कारकून होते आणि 1926 साली केईएम व 1941 साली टाटा रुग्णालय सुरू झाल्यावर वाढत गेलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक होते. त्यांच्यासाठी अरुंद फलाट आणि बेताचा पादचारी पूल ही काही हलगर्जी नव्हती. शिवाय गिरण्या पाळ्यांवर चालत. त्यामुळे जी गर्दी होई तीही एकाच घटकेला उसळत नसे.

18 जानेवारी 1982 रोजी कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हा सगळा हिशेब मोडला. गिरण्या एकेक करून थंडावल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत एक तरतूद होती: गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळ मानाने एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, म्हणजे सार्वजनिक वाटा नाममात्र झाला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. मग धुराड्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या. त्यात काम करणारा माणूस चाळीतला नव्हता. तो डोंबिवलीहून, बदलापूरहून, विरारहून येणारा होता. मध्य रेल्वेने आलेला परळला उतरे आणि पश्चिमेकडची कचेरी गाठायला त्याच पुलावरून पश्चिम रेल्वे ओलांडे. आणि हे सगळे सकाळच्या दीड-दोन तासांत. नऊ डब्यांची गाडी बारा डब्यांची झाली म्हणजे जिन्यावर एका वेळी येणारी माणसे तिसऱ्या हिश्शाने वाढली. जिना तेवढाच राहिला. तीन-चार मिनिटांनी पुढची गाडी येणार असेल, तर तेवढ्यात फलाट रिकामा व्हायला हवा. तो होत नसेल, तर गाड्या वाढवणे म्हणजे गर्दी एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी रचणे.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी हेच झाले. पाऊस कोसळत होता, पुलावरचे लोक आडोसा सोडून खाली उतरत नव्हते आणि गाड्या माणसे आणतच होत्या. चेंगराचेंगरीत 23 जण गेले. रेल्वेच्या चौकशीने पावसाकडे बोट दाखवले. पण मुंबईत पाऊस सप्टेंबरात पडतोच, तो काही अनपेक्षित पाहुणा नव्हे. आणि नव्या पुलाची मागणी व मंजुरी दोन्ही अपघाताच्या आधीच्या होत्या.

स्टेशनाचे माप वेळीच पुन्हा घ्यायला हवे होते, यावर पहिला आक्षेप जागेचा: दाट वस्तीत स्टेशन रुंद करणार कुठे? वस्ती दाट होती हे खरे, पण शेजारची एकरोगणती जमीन याच काळात हात बदलत होती. त्या व्यवहारांत जिना, पोहोचरस्ता किंवा स्टेशनासमोरचे चौक मागून घेणारे कोणी नव्हते. जमीन पालिकेच्या नियमांत, रूळ दोन वेगळ्या रेल्वेंच्या ताब्यात, आणि गर्दी कुणाच्याच खात्यावर नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकलमधून पडून आणि रूळ ओलांडताना दरवर्षी हजारांनी माणसे मरत असताना पैसा आधी गाड्या आणि मार्गिकांवर खर्च करणे योग्यच होते, असे म्हणता येते. पडून मरणाऱ्यांपुरते ते मान्य. परंतु रूळ ओलांडणारा बहुधा पूल लांब आहे किंवा तुंबला आहे म्हणूनच ओलांडतो. म्हणजे त्या आकड्यातला मोठा भाग स्टेशनाच्याच खात्यावर टाकावा लागतो. तिसरा युक्तिवाद भाड्याचा: पासाच्या पैशात यापेक्षा काय मिळणार? स्टेशनाच्या जवळिकीची किंमत पासधारकाने नाही, तर जमीनमालकाने वसूल केली, एवढे उत्तर त्याला पुरे. ती किंमत वरच्या मजल्यांच्या दरात होती. रेल्वेच्या तिजोरीत तिचा फारसा अंश आला नाही.

अपघातानंतर वेग आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. लष्कराने बांधलेला पूल 27 फेब्रुवारी 2018 ला खुला झाला. जुलैत एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. 3 मार्च 2019 पासून परळहून काही लोकल सुटू लागल्या, आणि मे 2025 मध्ये अमृत भारत योजनेत सजवलेल्या परळ स्टेशनाचे उद्घाटन झाले. दर्शनी भाग, प्रतीक्षागृह, फलक सुधारले तर हरकत कशाला? पण बारा डब्यांची गाडी रिती झाल्यावर फलाट किती मिनिटांत मोकळा होतो, हा आकडा उद्घाटनाच्या बातम्यांत येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी शेजारचा जुना एल्फिन्स्टन उड्डाणपूल बंद झाला. पूर्व-पश्चिम पायी ये-जा करणाऱ्यांना आता स्टेशनाचे पादचारी पूलच जवळचे, आणि त्यांतले कितीतरी जण रेल्वेचे प्रवासी नसल्यामुळे तिकीटविक्रीच्या कोणत्याही आकड्यात मोजले जात नाहीत.