बाजारातलं यंत्र फौजेत आलं त्याची गोष्ट

मलकापूरहून महामार्ग सोडून कराडात शिरलं की थोड्याच वेळात कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम लागतो. तिथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. ते संरक्षणमंत्री असताना झालेला एक निर्णय सहसा कुणी सांगत नाही. आज रणांगणासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता विकणाऱ्या कंपन्यांचं आपल्याकडचं मूळ मला त्यातच दिसतं.

1965 च्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटनने शस्त्रपुरवठा रोखला. तोवर शस्त्रं एक तर सरकारी कारखान्यांतून यायची, नाही तर परदेशातून. त्याच वर्षी नोव्हेंबरात संरक्षण पुरवठा विभाग निघाला. बाहेरून आणावं लागतं ते देशातल्या नागरी उद्योगांकडून करून घ्यायचं, हे त्याचं काम. फौजेचं दार खासगी कारखानदाराला उघडलं ते असं.

त्याच दारातून पुढे आयआयटी मुंबईच्या मुलांनी 2007 मध्ये काढलेली आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी आत आली. डीआरडीओबरोबर तिने केलेला ‘नेत्र’ जेमतेम दीड किलोचा, चार पंख्यांवर उडणारा. जानेवारी 2021 मध्ये लष्कराने तिच्या ‘स्विच’ ड्रोनसाठी सुमारे 2 कोटी डॉलरची मागणी नोंदवली.

डोळा मिळाला, पण पाहत कोण बसणार? तासन्‌तास चालणारं चित्रण जवान डोळ्यांत तेल घालून पाहतो, तरी नजर थकतेच. याच अडचणीपोटी अमेरिकेने एप्रिल 2017 मध्ये ‘प्रोजेक्ट मेवन’ सुरू केला. चित्रणातली वाहनं, माणसं हेरून त्यांभोवती चौकट काढायची, हे यंत्राला शिकवायचं होतं. गुगलच्या कर्मचाऱ्यांनी विरोध केला, तेव्हा 2018 मध्ये कंपनीने करार पुढे न वाढवायचं ठरवलं. पॅलंटिरसारख्या कंपन्यांनी ते काम उचललं. 2018 मध्येच भारताने संरक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर कृतिदल नेमलं, अध्यक्ष टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन. सायबर हल्ल्यांची काळजी वेगळी; तिच्यासाठी 2019 मध्ये तिन्ही दलांची मिळून संरक्षण सायबर संस्था उभी राहिली.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सायबर सुरक्षा या दोन्ही वाटा ड्रोनच्या पोटात एकत्र येतात. आत एक रेडिओ, एक जीपीएस आणि उड्डाण सांभाळणारी सर्किटची बोटभर पाटी. शत्रूने जीपीएसचे खोटे संकेत सोडले तर पडद्यावर सगळं आलबेल दिसतं आणि यंत्र भलतीकडेच निघालेलं असतं. पाटीतल्या कोडमध्येच चोरवाट असेल, तर तेवढेही कष्ट नकोत. 1965 मध्ये धास्ती होती सुटा भाग न येण्याची. आता भाग वेळेवर येतो, स्वस्तात येतो; धास्ती आहे तो कुणाचं ऐकतो याची. मला ही दुसरी धास्ती अधिक गंभीर वाटते. न आलेला भाग कोठारात लगेच कळतो. फितूर भाग मात्र गणवेश चढवून सीमेवर पोचलेला असतो.

2023 मध्ये लष्करी ड्रोनमध्ये चिनी भाग वापरायला मनाई असल्याचं समोर आलं. ऑक्टोबर 2024 मध्ये सैन्यदलांसाठी विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेची मार्गदर्शिका निघाली. तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये चिनी भागांपायी 400 ड्रोनचे करार रद्द करावे लागले. भागांची तपासणी मागणी नोंदवण्याआधीच व्हायला हवी होती, पाटी उघडून आणि कोड वाचून.