नौदल अधिकाऱ्याची सेवादिशा : विमान की युद्धनौका

नौदलात अधिकारी म्हणून दाखल होणाऱ्या तरुणाला सेवेच्या पहिल्या काही वर्षांतच करावी लागणारी निवड. भारतीय नौदलाच्या एक्झिक्युटिव्ह शाखेत युद्धनौकांवर काम करणारे जनरल सर्व्हिसचे अधिकारी, वैमानिक आणि निरीक्षक (ऑब्झर्व्हर) हे तिघेही मोडतात. युद्धनौकेची कमान याच शाखेच्या अधिकाऱ्याकडे जाते, अभियांत्रिकी किंवा विद्युत शाखेच्या अधिकाऱ्याकडे नाही. त्यामुळे नौदलाचा वैमानिक हा हवाई दलातल्या वैमानिकासारखा केवळ विमानाचा माणूस राहत नाही. तो आधी दर्यावर्दी असतो, उड्डाण शिकतो आणि पुढे पात्र ठरला तर जहाजाचा कप्तानही होतो. या निवडीचा विचार करताना सगळ्यात आधी लक्षात घ्यावी अशी हीच गोष्ट आहे, आणि इच्छुकांच्या बोलण्यात तीच सहसा येत नाही.

भारतीय नौदलाचा पहिला हवाई तळ, आयएनएस गरुड, ११ मे १९५३ रोजी कोचीनला सुरू झाला. ४ मार्च १९६१ रोजी विमानवाहू आयएनएस विक्रांत बेलफास्ट येथे नौदलात आली. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिले जेट विमान उतरवले. हेच ताहिलियानी १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांत दाबोळी हे नौदलाच्या विमानांचे मोठे केंद्र बनले. आयएनएस हंसा हा तळ तिथेच आहे. जवळच बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयात सी हॉक, अलीझे आणि सी हॅरियर ही जुनी विमाने पाहायला मिळतात. सी हॉकची लहानशी चाके आणि शेपटीखालचा हुक जवळून पाहिला की डेकवर उतरणे किती जोखमीचे काम होते ते कळते.

१९७१ च्या युद्धात दोन्ही वाटा एकाच दिवशी कसाला लागल्या. ४ डिसेंबरला विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला आणि त्याच रात्री निपात, निर्घात व वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर मारा केला. या दिवसाच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो. आयएनएस कामोर्ता घेऊन बंगालच्या उपसागरात लढलेले मनोहर प्रल्हाद आवटी हे जहाजांवर घडलेले अधिकारी होते. त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे व्हाइस ॲडमिरल म्हणून निवृत्त होऊन ते फलटणजवळ राहिले आणि शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची मोहीम त्यांनी उभी केली. या मोहिमेत गोव्यात बांधलेल्या म्हादेई होडीतून २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण करणारे अभिलाष टॉमी हे मात्र नौदलाचे वैमानिक होते.

जहाजाची वाट : खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा केरळातली एळिमला येथील भारतीय नौदल अकादमी येथून बाहेर पडलेला तरुण कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यात समुद्राची पहिली ओळख करून घेतो. नंतर तो सब-लेफ्टनंट म्हणून लढाऊ जहाजावर जातो. तिथे त्याला वॉचकीपिंग प्रमाणपत्र मिळवावे लागते. हे प्रमाणपत्र हातात पडले, की कप्तान झोपलेला असताना जहाज चालवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येते. मध्यरात्री बारा ते पहाटे चार हा वॉच सर्वांत खडतर समजतात. अंधारात मच्छीमारांच्या होड्यांच्या गर्दीतून हजारो टनांची युद्धनौका सुरक्षित नेणे, समोरून येणाऱ्या जहाजाचे दिवे पाहून वाट कोणी द्यायची हे ठरवणे आणि शंका आली की कप्तानाला उठवायला न लाजणे, हे तो इथे शिकतो. मुंबई-रत्नागिरीच्या पट्ट्यात मासेमारीच्या हंगामात हे कौशल्य पुरते कसाला लागते.

त्यानंतर काही वर्षांनी येतो तो लाँग कोर्स. तोफा व क्षेपणास्त्रे, दिशादर्शन, पाणबुडीविरोधी युद्ध, दळणवळण व इलेक्ट्रॉनिक युद्ध यांपैकी एका विषयात अधिकारी तज्ज्ञ होतो. ही प्रशिक्षणे मुख्यतः कोचीलाच होतात. पाणबुडी, गोताखोरी आणि जलालेखन या वाटा याच प्रवाहातून फुटतात. जलालेखनाची राष्ट्रीय संस्था गोव्यात आहे. पदे चढत जातात तशी जहाजेही मोठी होतात. लहान गस्ती नौकेची कमान लेफ्टनंट कमांडर किंवा कमांडर हुद्द्यावर मिळते, विनाशिकेची कॅप्टन झाल्यावर. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका सुमारे १६३ मीटर लांब आणि ७,४०० टन वजनाच्या आहेत, त्यांवर सुमारे ३०० माणसे असतात. या वर्गातली आयएनएस मोरमुगाव गोव्याच्या बंदराचे नाव घेऊन १८ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत नौदलात आली. अशा जहाजाचा कप्तान होण्यासाठी वीसएक वर्षे लागतात. जहाजावरची प्रगती सावकाश असते, आणि ती बरीचशी माणसे सांभाळण्याच्या कुवतीवर ठरते. खलाशांच्या रजा, भांडणे, घरची आजारपणे, यंत्रांचे बिघाड हे सारे त्या अधिकाऱ्याच्या रोजच्या कामात असते.

हवाई वाट : इथे जबाबदारी फार लवकर अंगावर येते. पंचविशीच्या आसपासचा वैमानिक विमानाचा ताबा घेतो आणि चूक झाली तर ती पुढच्या काही सेकंदांत दिसते. सुरुवातीचे उड्डाण प्रशिक्षण हवाई दलाबरोबर, हैदराबादजवळच्या दुंडिगल येथे होते. मग वाटा वेगळ्या होतात. काही जण कोचीला डॉर्नियर या टेहळणी विमानावर जातात, काही तामिळनाडूतल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजाळी तळावर चेतक हेलिकॉप्टरवर शिकतात आणि मोजके जण हॉक जेटवरून मिग-२९के या लढाऊ विमानापर्यंत पोचतात. कुठल्या विमानावर जायचे हे केवळ स्वतःच्या आवडीवर ठरत नाही, गुणवत्ता आणि नौदलाची गरज हेच बहुधा निर्णायक असते. लढाऊ विमानाचेच स्वप्न पाहून हवाई वाट धरणाऱ्याने हेलिकॉप्टर वाट्याला आले तरी मन लागेल का, हा प्रश्न स्वतःला आधी विचारायला हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते नौदलाच्या हवाई शक्तीचा रोजचा भार हेलिकॉप्टरे आणि टेहळणी विमानेच वाहतात, त्यामुळे त्यांना दुय्यम मानणे चुकीचे आहे. हलत्या, डोलणाऱ्या विनाशिकेच्या मागच्या छोट्या डेकवर रात्री हेलिकॉप्टर उतरवणे हे कुठल्याही जेट उड्डाणाइतकेच कसबाचे काम आहे.

विमानवाहू नौकेवर उतरताना वैमानिक शेपटीखालचा हुक डेकवर ताणलेल्या तीन तारांपैकी एकीत अडकवतो. ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे विमान सुमारे ९० मीटरमध्ये थांबते. हुक तारेत न अडकल्यास लगेच पुन्हा उड्डाण करता यावे म्हणून चाके टेकताच इंजिनाची शक्ती वाढवायची असते. उड्डाणासाठी विक्रमादित्य आणि नवी विक्रांत या विमानवाहू नौकांच्या डेकच्या टोकाला १४ अंशांचा चढ आहे. या सगळ्याचा सराव समुद्रात जाण्यापूर्वी हंसा तळावरच्या किनारी चाचणी सुविधेत करता येतो. धोका खरा आहे. २६ नोव्हेंबर २०२० रोजी अरबी समुद्रात मिग-२९के विमान कोसळून कमांडर निशांत सिंग यांचा मृत्यू झाला. जहाजावरचा धोका वेगळ्या जातीचा असतो, तो सर्वांचा एकत्र असतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले.

निरीक्षक : हा तिसरा प्रवाह सामान्य वाचकाला क्वचितच ठाऊक असतो आणि त्याच्याबद्दल अधिक लिहिले जायला हवे. विमान उडवतो वैमानिक, पण रडार, सोनोबॉय (पाण्याखालचा आवाज टिपणारी तरंगती उपकरणे), इलेक्ट्रॉनिक संकेत आणि शस्त्रे यांचा मेळ घालून समुद्रातले चित्र तयार करतो तो निरीक्षक. पी-८आयसारख्या टेहळणी विमानात पाणबुडीचा माग काढायचा, तर लढाईचा डाव त्याच्या पुढ्यात मांडलेला असतो. या विमानांच्या दुसऱ्या स्क्वाड्रनचा तळ २९ मार्च २०२२ पासून दाबोळीच आहे. उड्डाणापेक्षा शोध आणि डावपेच यांत ज्याचे मन रमते, त्याला ही वाट जहाज आणि विमान या दोन्हींहून अधिक मानवू शकते.

वाटा पुन्हा कुठे मिळतात : स्थायी कमिशनचा वैमानिक बहुधा आधी जहाजावर वॉचकीपिंगची पात्रता मिळवतो आणि मग उड्डाण प्रशिक्षणाला जातो. पुढे स्क्वाड्रन आणि जहाज अशा आलटूनपालटून नेमणुका होतात. ॲडमिरल अरुण प्रकाश सी हॅरियर विमाने भारतात आली तेव्हा त्यांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. पुढे ते विमानवाहू विराटचे कप्तान आणि नंतर नौदलप्रमुख झाले. त्यांच्यानंतर सुरीश मेहता हेही वैमानिक नौदलप्रमुख होते. २०१९ मध्ये या पदावर आलेले करमबीर सिंग हे पहिले हेलिकॉप्टर वैमानिक. त्यांनी आयएनएस राणा आणि आयएनएस दिल्ली या विनाशिकांची कमान सांभाळली होती. म्हणजे वरच्या पदांची दारे हवाई वाटेने जाणाऱ्याला बंद नाहीत. पण किंमत आहे. वैमानिकाला विमानाचे तास आणि समुद्रावरची वर्षे ही दोन्ही खाती भरावी लागतात आणि तिशीतली वर्षे दोघांसाठी अपुरी पडतात. जहाजावर असताना हाताचा सराव मोडतो, स्क्वाड्रनमध्ये असताना बरोबरीचे जहाजी अधिकारी पुढे सरकतात.

हे समीकरण शॉर्ट सर्व्हिस कमिशनला लागू पडत नाही. अभियांत्रिकी पदवीनंतर येणाऱ्यांसाठी वैमानिक, निरीक्षक आणि जनरल सर्व्हिस अशा वेगळ्या भरती होतात आणि सेवा कमाल १४ वर्षांची असते. तेवढ्या काळात कोणीही मोठ्या जहाजाचा कप्तान होत नाही. त्यामुळे त्यांनी रोजच्या कामाची आवड हाच निकष धरावा.

स्त्री अधिकाऱ्यांना दोन्ही वाटा अलीकडे खुल्या झाल्या. १७ मार्च २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नौदलातील स्त्रियांसाठी स्थायी कमिशनचा मार्ग रुंद झाला. त्याआधी २ डिसेंबर २०१९ रोजी सब-लेफ्टनंट शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या होत्या. लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांचे उदाहरण या नोंदीच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. टीयू-१४२ या टेहळणी विमानावरच्या त्या पहिल्या महिला निरीक्षक, आणि डिसेंबर २०२३ मध्ये आयएनएस त्रिंकट या नौकेची कमान मिळालेल्या भारतीय नौदलातील पहिल्या महिला अधिकारीही त्याच.

पात्रता आणि पैसा : वैमानिकाच्या निवडीत शरीराला मोठा वाटा आहे. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, पायांची आणि मांडीची लांबी कॉकपिटला मानवेल अशी हवी आणि दृष्टीचे निकष जहाजी अधिकाऱ्यापेक्षा कडक असतात. वैमानिक क्षमता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत अपयश आले तर ही वाट कायमची बंद होते, निरीक्षक किंवा जनरल सर्व्हिसची नाही. सातव्या वेतन आयोगानंतर उड्डाण भत्त्याचा मूळ दर अधिकाऱ्यांसाठी दरमहा २५,००० रुपये झाला, समुद्री भत्ता त्याहून बराच कमी आहे. या फरकाकडे पाहून निवड करू नये असे सेवेतले जुने लोक सांगतात, कारण वैद्यकीय दर्जा घसरून उड्डाण थांबले की भत्ताही थांबतो. सेवेनंतर वैमानिकाला नागरी विमान कंपन्यांचे आणि जहाजी अधिकाऱ्याला व्यापारी जहाजांचे दार असते, पण दोघांनाही नागरी परवान्यांच्या वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात.

विमानवाहू नौकांवरच्या मिगना साथ द्यायला भारताने २८ एप्रिल २०२५ रोजी फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा करार केला. ती २०२८ ते २०३० या काळात यायची आहेत. ती उडवणाऱ्यांपैकी काही जण सध्या कुठल्या तरी जहाजाच्या ब्रिजवर रात्रीचा वॉच करून आपले पहिले प्रमाणपत्र मिळवत असतील.